हवालदार आजोबांची गिनती



'माझे आजोबा' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. "माझे आजोबा खूप प्रेमळ आहेत. ते मला गोष्टी सांगतात," अशी सुरुवात असलेले किती निबंध मी तपासले असतील, मोजदाद नाही. यंदा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या आजोबांवर तुम्हीच लिहा ना!" आजोबांना जाऊन आता वर्ष होईल. म्हटलं, लिहूया.

माझे आजोबा म्हणजे आईचे वडील. जुन्नर तालुक्यातलं आमचं आजोळ. तरुणपणी ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९६५ चं युद्ध त्यांनी पाहिलं, १९७१ चंही पाहिलं. पेन्शन घेऊन गावी आले आणि पुढची वीसेक वर्षं सोसायटीत हिशेब लिहीत राहिले. गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणायचे. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो! पण आजोबा दरवेळी दुरुस्त करायचे, "मेजर नाही, हवालदार." समोरचा हसायचा. आजोबा हसायचे नाहीत. जे पद मिळालंच नाही ते नावापुढे कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

बंदूक सोडून माणूस खतावणीकडे कसा वळला, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, फौजेत मोजणंच जास्त असतं." चांदमारी झाली की रिकामी काडतुसं वेचून, मोजून जमा करायची. एक जरी कमी निघालं तरी सगळ्यांनी गवतात शोधत बसायचं. आणि संध्याकाळी गिनती. गिनती म्हणजे फौजेतली हजेरी. कोण हजर, कोण रजेवर, कोण दवाखान्यात, प्रत्येक माणसाचा हिशेब लागलाच पाहिजे. सोसायटीत आल्यावर फक्त काडतुसांच्या जागी रुपये आले, असं ते म्हणायचे. मार्चअखेरीला तेरीज जुळली नाही, तर रात्री कंदील लावून किर्द पहिल्या पानापासून तपासायचे. आजी जेवायला हाका मारून थकायची.

मला दुसरीत असताना त्यांनी नाणेघाटात नेलं होतं. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख दाखवून म्हणाले, "हे बघ, दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब. यज्ञात किती गाई दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांत कोरलंय." बाहेरचा दगडी रांजणही दाखवला. व्यापारी जकात त्यात टाकत, असं आपल्याकडे सांगतात. बाकीची मुलं दरीतला वारा बघत होती आणि आमचे आजोबा आकडे!

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. जमलेला निधी सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी जातो. तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेवर होते. वर्गात २८ मुलं. दहा-दहा रुपये जमा केले. यादीत २४ नावांपुढे खूण होती. एका मुलाचे आईवडील कांद्याच्या शेतात मजुरीला जायचे. तो म्हणाला, "बाई, मी दिलेत." मी यादी बघितली. खूण नव्हती. सगळ्यांसमोर म्हणाले, "यादीत नाही. उद्या आण." तो खाली बसला.

शनिवारी मंचरहून एसटीने नारायणगाव आणि तिथून आजोळी गेले. पैशांची पिशवी बरोबरच होती. आजोबांनी सवयीप्रमाणे विचारलं, "मोजलेस का?" मोजले. २४० हवे होते, २५० निघाले. मी म्हटलं, "जास्तच आहेत की! निधीलाच जातील."

आजोबांनी चष्मा काढला. "कमी भरले तर आपण शोधतो, कारण खिशाला झळ लागते. जास्त भरले की खूश होतो. पण पोरी, जास्तीचा पैसा म्हणजे कुणाची तरी नोंद राहिली. तो कोण, ते शोध."

मला शोधायची गरजच नव्हती. तो खाली बसलेला मुलगा लगेच डोळ्यांसमोर आला.

सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "सगळ्यांसमोर बोललीस ना? मग दुरुस्तीही सगळ्यांसमोर." आणि आपली जुनी वही काढून दाखवली. चुकलेला आकडा खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. "चूक लपवली की हिशेबावरचा विश्वास जातो," ते म्हणाले.

सोमवारी मी यादी फळ्यावर लिहिली. त्याच्या नावापुढच्या फुलीवर रेघ मारली, वर बरोबरची खूण केली, शेजारी सही केली. म्हटलं, "यानं पैसे दिले होते. लिहायला मी चुकले आणि याला खोटं ठरवलं. माझं चुकलं." वर्ग चिडीचूप. तो मुलगा काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "बाई, उद्या मी आणखी दहा आणले असते. आईकडून घेऊन ठेवले होते." मला काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकता.

त्याच २६ जानेवारीला मी आजोबांना शाळेत बोलावलं. मुलांनी विचारायचं तेच विचारलं, "आजोबा, युद्धात तुम्ही किती शत्रू मारले?" आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते नाही मोजले रे. संध्याकाळी गिनतीला आपले किती उभे राहिले, ते मोजले." पुढे कुणी काही विचारलं नाही. १९७१ साली ध्वजदिनाच्या दिवशीही युद्ध चालूच होतं. त्या संध्याकाळचा आकडा त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही.

घरातही त्यांची गिनती पुरी असायची. मुली सासरी गेल्या तरी घरच्या वहीत त्यांची पानं चालू होती. दोन्ही मामांना त्यांनी हयातीतच बजावलं होतं, "सातबाऱ्यावर चौघांची नावं लागतील. बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची नाही." २००५ पासून कायदाही हेच सांगतो, पण गावोगावी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आजोबा गेल्यावर मामांनी शब्द पाळला. उताऱ्यावर नाव बघून आई रडली. जमिनीसाठी नव्हे. आपण मोजले गेलो, म्हणून.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या वर्गात खोडरबर जवळजवळ बंदच आहे. चुकलं की रेघ, वर बरोबर उत्तर. वह्या दिसायला थोड्या घाण दिसतात, पण कोण कुठे चुकतं ते मला कळतं आणि मुलांची चुकण्याची भीतीही कमी झाली आहे. पालकहो, घरी एखादे आजोबा किंवा आजी असतील, तर मुलांना त्यांची जुनी डायरी, हिशेबाची वही, पासबुक बघायला द्या. "हे काय लिहिलंय?" एवढंच विचारू द्या. निबंध आपोआप निघेल.

आणि आपण शिक्षकांनी? रोज सकाळी हजेरी घेताना मान वर करून घ्यावी. मी आता तशीच घेते. काल २८ पैकी २७ होते. मधल्या सुट्टीत अठ्ठाविसाव्याच्या घरी फोन केला.