ग्वाल्हेरहून धाराशिवास

उत्तरेकडील गाव सोडून दक्षिणेत कायमच्या वास्तव्यास निघालेल्या मनुष्यास आप्तेष्टांकडून जे उपदेश मिळतात, त्यांतील निम्मे तरी उन्हाळ्याविषयींचे असतात. चिरंजीवांच्या बदलीमुळे आमचे एकत्र कुटुंब ग्वाल्हेर सोडून धाराशिवास आले, तेव्हा आम्हांसही ते यथेच्छ मिळाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला व त्या तळाचेच पुढे 'लष्कर' हे शहर झाले, तेव्हापासून तेथे राहिलेल्या मराठी घरांस दक्षिण म्हणजे देवकार्याचा व सोयरिकींचा प्रदेश, राहण्याचा नव्हे. "मराठवाड्यात माणसे भाजून निघतात," असे तेथील एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस निक्षून सांगितले.

ग्वाल्हेरकराने असे म्हणावे ही मौजच होय. पौषात तेथे हाडे गोठविणारी थंडी पडते हे खरे. पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही, आणि शाळेत मुलांची बोटे खडू धरीनाशी होतात. परंतु तेच शहर ज्येष्ठात लू वाहू लागली म्हणजे ४५ अंशांच्याही पुढे जाते. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. ग्वाल्हेरची उंची याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. त्यामुळे वैशाखात येथे ४० अंशांचे ऊन पडले तरी रात्री गच्चीवर वारा सुटतो, आणि पाऊसही ग्वाल्हेरपेक्षा पंधरवडाभर आधी येतो. तात्पर्य, येथील उन्हाळा तिकडच्याहून प्रखर नाही. तो लांब मात्र आहे. माघ सरतो न सरतो तोच त्याची चाहूल लागते. ग्वाल्हेरीस वर्षाचे चार महिने आपण ऊन शोधीत फिरतो, येथे बाराही महिने सावली शोधतो. आमच्या घरच्या रजयांची मोठी पेटी आल्यापासून उघडण्याचा प्रसंग आला नाही. सूनबाईंनी तिच्यावर आता देवघराची समई व पूजेची उपकरणी मांडली आहेत.

आमच्या वैद्यकाने देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप व साधारण. पाणी थोडे, झाडी विरळ व वारा कोरडा तो जांगल. पाणी व दाट झाडी असलेला, ओलसर हवेचा तो आनूप. धाराशिव व ग्वाल्हेर ही दोन्ही उन्हाळ्यात जांगलच, आणि म्हणून ग्वाल्हेरची विद्या येथे चालते. वाळ्याचा ओला पडदा, माठ, अलीकडचा कूलर, या सर्वांचे मर्म एकच. पाण्याची वाफ होताना ती सभोवतालची उष्णता ओढून घेते. हवा कोरडी असेल तितके हे कार्य झपाट्याने होते. तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात माठाचे गुण आम्ही काय सांगावे! परंतु आषाढ-श्रावणात, आकाश झाकोळून वारा पडला म्हणजे, हाच माठ कोमट पाणी देतो, व कूलर लावावा तर अंग अधिकच चिकट होते. मुंबईस राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडे बाराही महिने थोड्याफार फरकाने हीच स्थिती. उत्तरेकडून जे मुंबईस किंवा कोकणात जातात त्यांनी कूलर विकून जावे व पंख्याचा वारा अंगावर घ्यावा, कारण तेथे घाम सुकेल तेवढाच थंडावा.

दुसरी एक गोष्ट कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वाग्भटाने ऋतुसंधी म्हणजे सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस सांगितले, आणि तेवढ्या काळात जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडून नवी धरावी असा नियम घातला. नवे शरीरशास्त्रही असेच सांगते की, उष्ण हवेत गेलेल्या मनुष्याचे शरीर त्या हवेस सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो व घामावाटे मीठ कमी जाते. म्हणून आम्ही चैत्रात येथे उतरलो तेव्हा पहिला पंधरवडा कोणासही दुपारी सामान लावू दिले नाही. चिरंजीव पुष्कळ कुरकुरले.

असो. हवेचे एवढे पुरे. खरा प्रश्न पुढेच होता, आणि तो घराचा.

चिरंजीवांनी दोन जागा पाहून ठेविल्या होत्या. एक नव्या वसाहतीतील, सिमेंटच्या स्लॅबची. दुसरी जुन्या गावातील वाड्याचा मागील चौक. या दुसऱ्या जागेत पाऊल टाकताच आमच्या वहिनी, ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, त्या खांबास टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हीच घ्या. येथे माझा जीव थंडावला." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बाहेर रणरणते ऊन, आणि आत दगडी भिंती दोन हातांहून रुंद, वर माळवद. लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर; उजेडास छतात एक साणे, म्हणजे झाकता येईल असे भोक. दिवसभराचे ऊन त्या दगडमातीत मुरेपर्यंतच सूर्य मावळतो. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधविला, तो बादशहाचा उपाय. माळवद हा रयतेचा.

आमचाही कल वाड्याकडेच होता. परंतु शेजारचे एक सेवानिवृत्त ग्रामसेवक, जे मूळचे लोहारा तालुक्यातले, ते ऐकून गप्प झाले. दोन दिवसांनी त्यांनी आम्हांस आपल्या गावी नेले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक झोपले असता, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जो भूकंप झाला, त्यात आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. किल्लारीचे नाव सर्वत्र झाले, पण आमच्या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावेही तशीच जमीनदोस्त झाली. भूकंपाची तीव्रता सहाच्या किंचित वर होती. त्या मानाने मृत्यू भयंकर, आणि त्याचे कारण घरांतच होते. ती रुंद भिंत वस्तुतः एक नसून दोन असत: आतला थर व बाहेरचा थर, मध्ये दगडगोट्यांची भर, सारे चिखलात बसविलेले, व दोहोंस सांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्क्यासरशी थर फाकले व ढासळले. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरीत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचा भार वर साठलेला. लाकडी खणांचा सांगाडा जेथे भक्कम होता तेथे तो पुष्कळ ठिकाणी उभाच राहिला; माणसे भिंतींनी मारली.

जुन्या गावठाणात आता दगडांचे ढीग व बाभळी आहेत. एका ढिगाशी उभे राहून ते गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, भिंत गार लागायची म्हणून तिच्या कडंलाच अंथरूण टाकायचो बघा आम्ही." त्यांच्या घरची तीन माणसे त्या कडेस होती. आम्ही काहीच बोललो नाही.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांचे नवे गाव आखीव आहे. रस्ते इतके रुंद की एका ओट्यावरून दुसऱ्याशी बोलण्यास आवाज चढवावा लागतो, आणि दुपारी त्यांवर कुत्रेदेखील दिसत नाही. घरे पक्की व सुरक्षित. परंतु स्लॅबखाली वैशाखात बसवत नाही, म्हणून प्रत्येकाने मागे वा पुढे काही ना काही जोडून घेतले आहे. आमच्या स्नेह्यांच्या मागील दारी चार लाकडी मेढी, वर कडब्याचे छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. त्यांच्या वृद्ध मातोश्रींचा सारा दिवस तेथेच जातो. पक्क्या घरात त्या केवळ निजावयास जातात.

परतल्यावर घरात वाद झाला. वहिनींचे म्हणणे, ऐंशी वर्षे जगलेल्या बाईस भूकंपाचे भय घालता, पण उन्हाने ती याच वर्षी जाईल त्याचे काय? हे केवळ हट्टाचे बोलणे नव्हते. वृद्धांस उष्मा खरोखरच मारतो. सूनबाई मात्र दोन्ही नातवंडांस पोटाशी घेऊन एवढेच म्हणाल्या की, त्या भिंतीच्या कडेस मी यांस निजविणार नाही. यावर आम्हांस बोलण्यास जागा उरली नाही.

आम्ही स्लॅबची जागा घेतली, तळमजल्याची, म्हणजे ऊन वरच्या मजल्याच्या डोक्यावर. गच्चीस फाल्गुनात चुन्याचा जाड हात देवविला. पांढऱ्या पृष्ठावरून ऊन परतते व खालचा फरक हातास कळतो. पश्चिमेच्या खिडक्यांस वाळ्याचे पडदे लावले, अंगणात कडब्याचे छप्पर घातले. वहिनी दुपारी तेथे पोथी घेऊन बसतात. त्यांचा राग अद्याप गेलेला नाही.

वाड्याच्या मालकांनी दरम्यान एका जाणत्या अभियंत्यास बोलाविले. त्यांच्या मते वाडा पाडण्याचे कारण नाही. माळवदावरील निम्मी माती उतरवावी, भिंतीस जागोजाग आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर सांधले जातील, आणि खांब-तुळयांच्या कोनांत तिरके आधार द्यावेत. भूकंपानंतर याच रीतीने घरे बळकट करण्यास सांगण्यात आले होते. माती कमी झाली म्हणजे गारवाही काहीसा कमी होणार, हेही त्यांनी लपविले नाही. किती कमी, ते वहिनी स्वतः जाऊन पाहणार आहेत. काम दसऱ्यानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर, सुरू व्हावयाचे आहे.