जातं गावी राहिलं, ओव्या कुर्ल्यात आहेत

अमेरिकेतल्या ब्लूज संगीताची मुळं गुलामांच्या कामाच्या गाण्यांत आहेत. ती गाणी पुढे तुरुंगात टिकली. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात काळे कैदी कुऱ्हाडीच्या तालावर गायचे. तोंडावर बोलता येत नव्हतं, ते गाण्यातून बोलायचे. १९४७ साली ॲलन लोमॅक्स यांनी तिथे जाऊन ते रेकॉर्ड केलं.

आपल्या बायकांनी सासरचा जाच जात्याला सांगितला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या.

पण गाव सोडून कुर्ल्यात आलेल्या आज्यांचं काय? आमच्या चाळीत ओव्या येणाऱ्या तिघी होत्या, आता दोघीच आहेत. मोबाईल तर सगळ्यांकडे आहे. रविवारी आजीजवळ बसा, रेकॉर्ड करा. तिचं नाव-गाव नक्की लिहा.