बावन्न पौंड

४ नोव्हेंबर
पाऊस गेला. मातीच्या कोर्टांवर रोलर फिरला. सकाळपासून सहा रॅकेटी गटिंगला.

६ नोव्हेंबर
कॉलेजातला पोरगा. "फेडररवाली द्या." दिली. ३४० ग्रॅम, तेही गटिंगशिवाय. दोन मिनिटं हवेत फिरवली. मग हळूच, "अशीच, पण हलकी नाही का?"

७ नोव्हेंबर
काका आले. हातात सॅम्प्रसच्या मॉडेलची ती जुनी, ८५ चौरस इंचांची. चहाचा कप उचलला तरी कोपरात कळ येते म्हणाले. रॅकेट बदला म्हटलं, ऐकत नाहीत. "६० पौंड घाल. नेहमीसारखं."
रात्री मशीनचा काटा ५२ वर ठेवला.

८ नोव्हेंबर
काकांनी रॅकेट तळव्यावर आपटून पाहिली. "बरोब्बर साठ." पैसे घेतले.

११ नोव्हेंबर
दहा वर्षांची मुलगी, वडिलांना २७ इंचीच हवी. "पुढेही चालेल." गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, रॅकेट नाही. खूप समजावलं. २६ वर तडजोड. पोरीला २५ पुरली असती.

१२ नोव्हेंबर
नव्याने शिकणाऱ्या बाई. आधीच्या दुकानाने साडेचार इंची ग्रिप दिलेली. मूठ वळवून बघितली, बोटं आणि तळव्याच्या मधे दुसऱ्या हाताची दोन बोटं जातील एवढी फट. एकच जायला हवं. सव्वाचारची दिली. त्यांचा प्रश्न रंगाचा होता.

१५ नोव्हेंबर
डेमोच्या तिन्ही रॅकेटींवर नावं झाकायला काळी पट्टी चिकटवली. नाव दिसलं की हात खोटं बोलतो. काकांना १०० इंची, २८५ ग्रॅमची दिली. निदान दोन सेट खेळा म्हटलं, दुकानात कुणालाच काही कळत नाही. फेडररनेही २०१४ मध्ये ९० सोडून ९७ घेतली.
"आणि सॅम्प्रस?"
सॅम्प्रस शेवटपर्यंत ८५ नेच खेळला. गप्प बसलो.

१९ नोव्हेंबर
डेमो परत. "फुकटचे पॉइंट मिळतात. मजा नाही." वर म्हणाले, "तुझं साठ मात्र मानवलं रे. कोपर बरं आहे."
चहा मागवला.

२० नोव्हेंबर
झोप नाही.

२४ नोव्हेंबर
सांगून टाकलं.
"किती?"
"५२."
रॅकेट उचलून निघून गेले. चहा तसाच.

२७ नोव्हेंबर
आले नाहीत.

३० नोव्हेंबर
तीन गटिंग. कॉलेजातला तो पोरगा ३०० ग्रॅमची घेऊन गेला.

२ डिसेंबर
काका. नमस्कार नाही, काही नाही. "ती काळी पट्टीवाली. नवी काढ."
पट्टीखालचं नाव विचारलं नाही. जुनी काखेतच होती.
गटिंग होईपर्यंत बाकावर बसले नाहीत. चष्मा लावून मशीनशेजारी उभे राहिले. काटा ५२ वर लावला. दोनदा वाकून पाहिला.