रंगाखालचा गंज

लोखंडी वस्तू जतन करण्याची विद्या आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मात्र तिला विद्या म्हणावे असे कोणाच्या मनात कधी आले नाही. विळीचे पाते भाजी चिरून होताच पुसून कोरडे करावयाचे, तव्याला तेलाचा हात द्यावयाचा, अडकित्ता पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेवावयाचा, ही सारी कामे घरातील बायका सहज करीत. लोखंडास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही मिळाली म्हणजेच गंज चढतो, त्यांतील एकास दूर ठेवले तर चढत नाही, हा रसायनशास्त्राचा सिद्धान्त आमच्या आजीस ठाऊक नसेल. पण तिच्या विळीस तो ठाऊक होता असे म्हणावयास हरकत नाही.

हीच विद्या गेल्या हिवाळ्यात आम्हांस एका मोटारीवर चालवावी लागली. ही मोटार म्हणजे आमच्या कैलासवासी वडिलांची १९८६ सालची ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ जातीची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ च्या सुमारास तयार होऊ लागली, व १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची होती. वयाची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. वडिलांची नोकरी रत्नागिरीस असल्यामुळे आमची गाडी पहिली चौदा वर्षे समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहिली. मिठाने पाण्यातून विजेचे वहन सुलभ होते आणि गंजण्याची क्रिया, जी मुळात एक विद्युत्‌-रासायनिक क्रियाच आहे, ती वेग घेते. पुढे गाडी पुण्यास आली. मीठ मात्र पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांतून तिच्याबरोबरच आले.

खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, व त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते. तो प्रसंग जवळ आला तेव्हा घरात दोन तट पडले. चिरंजीवांच्या मते गाडी भंगारात द्यावी. कन्येस नुकताच परवाना मिळालेला. तिला आजीस घेऊन रत्नागिरीस जावयाचे होते, आणि तेही याच गाडीतून. आई मात्र काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ घरात सर्वांस कळत होता.

चालकाच्या दाराखाली रंगावर दोन-तीन फोड आले होते. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून रंग आतून उचलला जातो. जो फोड वर दिसतो तो रोगाचा आरंभ नसून त्याची बरीच पुढची अवस्था असते. आमच्या सौभाग्यवतींनी शीतकपाटावरचे एक लोहचुंबक आणून दिले व म्हणाल्या, “अहो, आधी हे फिरवून तर पाहा.” चुंबक दारास चिकटले, चाकावरच्या कमानीस चिकटले; परंतु दाराखालच्या भागावर ठेवताच टपकन खाली पडले. तेथे पत्रा नव्हताच. पूर्वी कधी एका कारखान्यात गाडी रंगविली होती, त्या वेळी भोकात लांबी भरून वरून सुरेख रंग दिला होता. रंगारी ज्यास लांबी म्हणतात तो लेप खळगा भरून काढण्यापुरता उत्तम. पत्र्याची जागा घेण्याचे सामर्थ्य त्यात नाही. शिवाय त्याच्या पाठीमागे ओल कोंडून राहते. स्क्रूड्रायव्हर टेकविला तो मुठीपर्यंत आत गेला.

आता प्रश्न सौंदर्याचा राहिला नाही. मालमोटारीस जशी खाली निराळी चौकट असते तशी या गाडीस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या म्हणजे या घराच्या तुळया होत. जिच्यात आई आणि मुलगी बसणार, त्या गाडीच्या तुळईत पुन्हा लांबी भरून तपासणी पार पाडावी काय? असे करून देऊ म्हणणारे लोक भेटले. खर्चही निम्मा होता. आम्ही नको म्हटले, आणि कामाची वाटणी केली : वरवरचा गंज आम्ही घरी काढावा, तुळईचे काम जाणत्या हाताने व्हावे.

पत्र्याचे काम करणारे एक वृद्ध उस्ताद सामान घेऊन अंगणात आले. बैठका व सतरंज्या बाहेर काढल्या, बॅटरीची तार सोडविली, वाळू व पाण्याची बादली जवळ ठेवली. त्यांनी हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत खडूने रेघ ओढली व म्हणाले, “साहेब, पत्रा जिथं खणखणीत वाजतो तिथपर्यंत कापायचं. अलीकडं थांबलं तर काम फुकट.” रुपयाएवढे भोक कापता कापता दीड वीत झाले. तेवढा नवा पत्रा बेतून त्यांनी जोड घातला.

आमच्या वाट्याचे काम चार रविवार चालले. तारेच्या ब्रशाने व काचकागदाने, प्रथम ८० व मग १२० क्रमांकाच्या, गंजाच्या कडेपलीकडे बोटभर शुद्ध धातू चमकेपर्यंत घासावयाचे. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके हवेच. बारीक खळग्यांत जो गंज उरतो त्यावर बाजारात मिळणारे गंजनाशक लावावयाचे. त्यात बहुधा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असते. टॅनिनाने गंज काळानिळा पडतो. हिरडा व हिराकस यांची शाई पूर्वी घरोघर करीत, तिचा काळा रंगही लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाचाच होता. आम्लाने लोहाचे फॉस्फेट बनते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर टिकला, त्याचे श्रेय त्याच्या लोखंडातील फॉस्फरसामुळे वर बनलेल्या अशाच थरास शास्त्रज्ञ देतात. उघडा केलेला पत्रा रात्रभरही तसा ठेवू नये. त्याच दिवशी प्राइमर द्यावा. जोडाच्या ठिकाणी जस्ताचा प्राइमर उत्तम, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडास वाचविते. तांबडा प्राइमर सच्छिद्र असतो. त्यावर रंग न देता गाडी पावसात उभी केली तर श्रम व्यर्थ जातात.

पण खरे कारण सापडले ते कन्येस. दारांच्या व त्या पेट्यांच्या तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती माती, आंब्याचा मोहोर व सुकल्या पानांनी बुजली होती. वरून शिरलेले पावसाचे पाणी खाली जाण्यास वाट न मिळून महिनोन्‌महिने आत साचत असे. तिने विणकामाच्या सुईने एकेक छिद्र मोकळे केले. त्यातून निघालेली काळी माती वर्तमानपत्रावर ओंजळभर भरली. मग नळीने आत पातळ मेण फवारले.

तपासणी पार पडली; आजी व नात रत्नागिरीस जाऊन सुखरूप परत आल्या. रंगाचा हात देताना जोडाची रेघ लांबीने लपवावी काय, असा प्रश्न निघाला होता. आम्ही ती तशीच ठेवली. पुढे तेथे पुन्हा काही बिघडू लागले तर ते ताबडतोब दिसले पाहिजे. झाकलेला दोष आतल्या आत वाढत राहतो आणि दिसणाऱ्या दोषावर घरातल्या चार माणसांची नजर राहते, ही गोष्ट मोटारीपुरतीच खरी आहे असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांच्या दारी जुनी गाडी असेल त्यांनी ज्येष्ठ लागण्यापूर्वी एक सकाळ मोडून सतरंजी उचलून पाहावी, छिद्रे मोकळी करावीत आणि चुंबक फिरवावे. एवढ्याने पुढची पुष्कळशी कापाकापी वाचेल.