चाकातले पाणी

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरावे की भरू नये, हा विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत शोभेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु पैनगंगा ओलांडून इकडे आलेल्या ज्या घराण्यांचे सारे वैभव आणि सारी विवंचना काळ्या मातीतूनच उगवली, त्यांना ती शंका फार काळ बाळगता येणार नाही. आमच्या घरात यंदाच्या वैशाखात आठ दिवस दुसरा विषय निघाला नाही.

पुतण्याचे म्हणणे सरळ होते. ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीचा, हप्त्यांवर घेतलेला. घरची जमीन आटोपली की तो भाड्याने इतरांच्या शेतात जातो आणि त्या भाड्यातूनच हप्ता फिटतो. उन्हाने दगड झालेल्या रानात पलटी नांगर खोल घातला की मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. डिझेल जळते, टायरचे दात झिजतात, एकराला घटकाभर अधिक लागते. “काका, पाणी काही विकत आणावं लागत नाही. भरून टाकू,” असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

कृतीही अवघड नाही. चाक उचलून वॉल्व्ह माथ्यावर आणायचा आणि तेथवर पाणी भरायचे. पाऊण टायर भरतो; उरलेल्या भागातली हवा खाचखळग्यांचे धक्के सोसते. आमच्या मापाच्या टायरमध्ये दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे दोन चाकांत मिळून जवळजवळ चारशे किलो. दोन टनांच्या यंत्रावर हा पाचव्या हिश्शाचा वाढीव भार झाला. बर्फाळ देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात आणि मग त्या खारट द्रावणाने लोखंडी रिम गंजतात. आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली खरी, पण टायरमधले पाणी गोठवण्याइतकी नाही. आपल्याकडे विहिरीचे साधे पाणी पुरते. पंक्चर झाले म्हणजे मात्र ते पाणी आधी काढावे लागते, आणि काढणाऱ्याची मुद्रा पाहण्यासारखी होते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ओढीच्या वेळी ट्रॅक्टरचे नाक उचलले जाते, ते मागच्या चाकांतील पाण्याने खाली बसेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. मागची पकड वाढली की ओढ वाढते, आणि नाक उलट अधिक उचलले जाऊ शकते. त्यासाठी वजन पुढेच लावावे लागते.

निर्णय वादाने करण्यापेक्षा मोजून करावा, असे ठरले. चाकावर खडूची रेघ ओढली. नांगर उचलून धरून चाकाचे दहा फेरे मोजले, तेव्हा एक्केचाळीस मीटर अंतर भरले. नांगर मातीत घालून तेवढेच फेरे मोजले, तर तेहतीस. म्हणजे पाचातला एक फेरा वाया जात होता. शेकडा दहा ते पंधरा घसरण नांगरणीत चालते, किंबहुना ती असावीच. घसरण अजिबात नसेल तर यंत्र स्वतःचेच वजन वाहण्यात डिझेल खर्च करीत आहे असे समजावे. पुतण्याची तक्रार खरी ठरली.

पण वैशाखानंतर मृग येतो, आणि माझा सारा घोर तिथे होता. आपली काळी जमीन ओली असताना लोण्यासारखी दबते. टायरमधल्या हवेचा दाब कमी केला तर वरच्या थरावरचा ताण कमी होतो. खोलवर मात्र धुऱ्यावरचा एकूण भार पोचतो, आणि तिथे बसलेला थर नांगराच्याही हाती लागत नाही. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात, ती आपली आपण काही प्रमाणात मोकळी होते, हे तिचे औदार्य. दरवर्षी त्याच औदार्यावर विसंबावे काय? पाटणचेरूच्या इक्रिसॅटने, १९७२ साली स्थापन झालेल्या त्या संशोधन संस्थेने, अशाच भारी जमिनींसाठी रुंद वाफे आणि सरी यांची पद्धत विकसित केली. तीत चाक आणि बैल सरीतून चालतात, पीक वाफ्यावर राहते. तुडवायची ती जागा ठरलेली, हे त्यातले मर्म मला फार पटते.

पहिला पाऊस पडला की भाड्याचे निरोप येऊ लागतात. वापसा यायला अजून दोन दिवस असतात, पण प्रत्येकाला उद्याच पेरायचे असते. अशा वेळी हलका ट्रॅक्टर घसरतो, रुततो, परत फिरतो. ती जमिनीची नकारघंटा असते. चाकात चारशे किलो पाणी असले तर ट्रॅक्टर तसाच पुढे जातो आणि नकार ऐकू येत नाही.

बैलांच्या काळात वडील वखरावर धोंडा ठेवीत. पास उथळ चालू लागली की धोंडा, ओल लागली की धोंडा बांधावर. माझे सारे म्हणणे एवढेच होते की, वजन हवे, पण बांधावर ठेवता येईल असे हवे. टायरमधले पाणीही काढता येते. पण ऐन मृगात ते काढण्याचा खटाटोप कोण करतो?

शेवटी आम्ही नांगराची खोली दोन बोटे कमी केली आणि मागच्या चाकांना बोल्टने बसणाऱ्या बिडाच्या जुन्या चकत्या विकत घेतल्या. एकेक उचलायला दोन माणसे लागतात. पुन्हा फेरे मोजले. दहा फेऱ्यांत पस्तीस मीटर. पाणी फुकट होते, चकत्यांना पैसे पडले, आणि ते माझ्या वाट्याच्या कापसातून वळते होणार आहेत. खोल नांगरट मागणारी दोन गिऱ्हाइके मात्र पाणी भरलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरकडे गेली. पुतण्याने त्यांचा हिशेब वहीत वेगळा लिहून ठेवला आहे, आणि दिवाळीच्या हप्त्याच्या वेळी ती वही माझ्यापुढे येईल यात शंका नाही. चकत्या सध्या गोठ्यात, वैरणीच्या बाजूला रचून ठेवल्या आहेत. बोल्टना तेल लावून ते त्याने स्वतःच डब्यात भरले.