नव्वदची वाट

गाडी सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटं माझा एक डोळा रस्त्यावर असतो आणि दुसरा टॅकोमीटरच्या डावीकडच्या एका लहानशा काट्यावर. तो ऑइलचं तापमान सांगतो. काटा ९० च्या जवळ आल्याशिवाय मी गाडी पळवत नाही. मग रस्ता कितीही मोकळा असो, मागचा कितीही दिवे मारो.

गाडी १९८५ सालची पोर्शे ९११ कॅरेरा. मी राहतो स्टुटगार्टला आणि ही बनली याच शहरातल्या त्सुफनहाउझनच्या कारखान्यात. इंजिन मागे, सहा सिलिंडर तीन-तीन करून दोन बाजूंना आडवे, ३.२ लिटर, २३१ हॉर्सपॉवर. पाण्याचा रेडिएटर नाहीच. ९११ ची ही रीत १९९८ पर्यंत चालली. सगळे तिला एअर-कूल्ड म्हणतात, पण जो तिच्याखाली आडवा झालाय त्याला ठाऊक असतं की हवेच्या बरोबरीनं तिथं ऑइल राबत असतं. साध्या गाडीला चार-पाच लिटर ऑइल पुरतं, हिला साधारण १३ लिटर लागतं. ते इंजिनाच्या पोटात साचून राहत नाही. मागच्या उजव्या चाकामागे त्याची वेगळी टाकी आहे. एक कूलर इंजिनालाच लागून आहे. दुसरा पार पुढे, उजव्या मडगार्डच्या आत. तिथवर ऑइल नेणारे-आणणारे दोन पाइप उजव्या दाराखालून जातात. ऑइल ८५ अंशांच्या आसपास पोचलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि तेव्हाच ते या लांबच्या फेरीला निघतं.

ऑइल तापण्याची भीती सगळ्यांनाच असते. माझं म्हणणं असं की रस्त्यावर चालवायच्या गाडीची जास्त हानी थंड ऑइल करतं. मी घालतो ते २०डब्ल्यू-५०. त्याचा दाटपणा मोजला तर ४० अंशांना १६०-१७० सेंटिस्टोक्स भरतो आणि १०० अंशांना १८ च्या आसपास. म्हणजे फरक कितीतरी पटींचा. गार सकाळी प्रेशरचा काटा टोकाला गेलेला असतो आणि नव्या माणसाला वाटतं, वा, प्रेशर उत्तम आहे. खरं तर ऑइल दाट म्हणून वाट अडलेली असते. पंपानं उचललेलं बरंचसं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून आल्या पावली परत जातं, आणि बेअरिंगच्या बारीक फटीत जायचं ते उशिरा जातं. म्हणून ६० अंशांपर्यंत मी ३००० आरपीएम ओलांडत नाही, ८० पर्यंत ४०००. गाडी जागेवर उभी करून तापवतही नाही. सुरू करायची आणि हळूच निघायचं.

दुसरा त्रास पाण्याचा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांवरून निसटून ऑइलमध्ये उतरते. गाडी नुसती कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत नेऊन आणली तर ती वाफ तिथंच मुरते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर दिसला की मी मालकाला एवढंच विचारतो, शेवटचा तासभर गाडी कधी चालवली होती?

उन्हाळ्यात मात्र काटा उलटा छळतो. स्टुटगार्ट वाटीच्या तळाशी वसल्यासारखं आहे. दक्षिणेकडे बाहेर पडायचं तर नॉये वाइनश्टाइगेचा चढ चढावा लागतो, आणि जुलैच्या संध्याकाळी त्यावर गाड्यांची रांग. माझ्या गाडीतल्या पुढच्या कूलरला स्वतःचा पंखा नाही. गाडी धावली तरच त्याला वारा. इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे आरपीएम पडले की तोही मंदावतो. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बाबा फियाट बाजूला घेऊन, इंजिन बंद करून बॉनेट उघडायचे. माझ्या हातांना तीच सवय होती. इथं ती मोडावी लागली, कारण इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवायचं नाही. गिअर खाली घ्यायचा, आरपीएम २५०० च्या वर ठेवायचे, पंखा आणि पंप दोघांनाही फिरू द्यायचं. इंजिनाचा आवाज वाढतो आणि काटा खाली येतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

एका उन्हाळ्यात मात्र काहीच लागू पडेना. मोकळ्या हायवेवरही काटा १२० ला. याच ऑइलचा दाटपणा तिथं ११ च्या जवळ येतो, आणि ढोबळमानानं दर १० अंशांमागे ऑइल सडण्याचा वेग दुप्पट होतो. ओळखीचे म्हणाले, मोठा कूलर बसव. मी आधी थर्मोस्टॅटवर संशय घेतला. हिवाळ्यात इथं रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं पोलादी नट आणि ॲल्युमिनियमचे आटे असे एकजीव झालेले की तो काढण्यात दोन रात्री गेल्या. नवा बसवला. काटा पुन्हा १२०.

मग चालवून आल्या आल्या पुढचं चाक डावीकडे वळवलं आणि उजव्या मडगार्डच्या आत हात घातला. कूलर जेमतेम कोमट. इकडे टाकीतलं ऑइल भाजत होतं आणि तिकडे पोचतच नव्हतं. गाडीखाली आडवा झालो, टॉर्च धरला आणि दाराखालच्या पाइपांवरून बोटं फिरवत पुढे सरकलो. दाराच्या मध्यावर बोट अडलं. पाइप चपटा झाला होता, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पत्र्यासारखा. टायर बदलायला दिले होते त्या गॅरेजात लिफ्टचा पाय बरोबर पाइपावर टेकवला होता. तिथल्या पोराला दोष तरी काय देणार, इतर गाड्यांत तिथं नुसता पत्रा असतो. पण मला कुणी सांगितलंही नाही, याचा राग बरेच दिवस होता. पाइप बदलला. त्याच चढावर, तसल्याच उन्हात काटा १०० च्या अलीकडे थांबला. मोठा कूलर घेतलाच नाही.

तेव्हापासून लिफ्टवर गाडी चढताना मी शेजारी उभा असतो आणि जॅकची जागा बोट ठेवून दाखवतो. घरी आलो की सपाट जागी गाडी उभी करतो, इंजिन चालूच ठेवतो, कारण हिची डिपस्टिक गरम ऑइलवर आणि चालत्या इंजिनातच खरं बोलते. थंड असताना बघितलं तर पातळी कमी दिसते, माणूस लिटरभर ओततो आणि ते पुढे एअर फिल्टरमध्ये जातं. डिपस्टिक पुसायची, घालायची, काढायची, दोन खुणांमध्ये कुठं आहे ते बघायचं. मग इंजिन बंद करून पुढे जातो, चाक वळवतो आणि मडगार्डच्या आत तळहात नेतो. कूलरला टेकवत नाही, भाजेल. दोन बोटं अलीकडेच धग लागते.