क्रमांक घसरला, म्हणजे नेमके काय झाले?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात २०२४ साली २३वे होते, २०२५ साली ते ५६वे आले. नगर जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे यादी लागताच पालक विचारू लागले, मुलीला इथेच ठेवावे की बाहेर पाठवावे?

मी संख्याशास्त्र शिकवतो. महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षात क्रमवारीची माहिती भरण्याचे कामही माझ्याकडे असते. या पालकांना मी पहिल्यांदा एवढेच सांगतो की विद्यापीठाच्या क्रमांकात संलग्न महाविद्यालये धरलेलीच नसतात. मोजले जातात ते विद्यापीठाचे स्वतःचे विभाग. संगमनेरच्या किंवा श्रीगोंद्याच्या बी.एस्सी.च्या वर्गाचा त्या २३शी संबंध नव्हता आणि ५६शीही नाही. महाविद्यालयांचा गट वेगळा असतो.

आता घसरणीकडे येऊ. विद्यापीठांना १०० पैकी गुण मिळतात. अध्यापन व साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, पदवीच्या फलिताला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मताला १०. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण पहिल्या घटकात येते. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ शिक्षक असेल तर त्या उपघटकाचे पूर्ण गुण मिळतात. समजा १,२०० विद्यार्थी आणि ८० शिक्षक आहेत, तर गुण पूर्ण. पुढे वीस जण निवृत्त झाले, भरती झाली नाही, की प्रमाण वीसला एक होते आणि त्या गुणांतले तीन चतुर्थांशच उरतात. पहिल्या घटकाला ३० टक्के वजन असल्याने एकूण गुणांत सुमारे दोनची घट होते. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण यादीच्या मधल्या पट्ट्यात विद्यापीठे इतकी दाटीने बसलेली असतात की तेवढ्यावर बरेच क्रमांक मागे जावे लागते. राज्यातील सरकारी विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, त्याची किंमत अशी चुकवावी लागते. कुलगुरूंना जाब विचारताना पदभरतीला मंजुरी देणाऱ्या मंत्रालयालाही विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी क्रमांकाचा आलेख काढत नाही, गुणांचा काढतो. पाच घटकांच्या पाच रेघा, आडव्या अक्षावर पाच वर्षे, आणि शेजारी त्याच जातकुळीच्या संस्था. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची तुलना अकोला, परभणी आणि दापोलीशी करावी. पुण्याशी ती जुळत नाही. एनआयआरएफने कृषी गट वेगळा केला तो २०२३ साली, हे फार बरे झाले.

तरीही राहुरीचे खरे काम त्या आलेखात पुरते उतरत नाही. संशोधनाच्या गुणांत मोठा वाटा शोधनिबंधांचा आणि इतरांनी ते किती वेळा संदर्भाला घेतले याचा असतो. डाळिंबाचे ‘भगवा’ किंवा सोयाबीनचे ‘फुले संगम’ वाण किती शिवारांत लागले, हे शोधनिबंधांच्या संख्येत दिसत नाही. राहुरीबद्दल मत बनवताना शेतकऱ्याच्या बांधावर जाऊनच बघावे लागते.

समावेशकतेचेही तसेच. परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांमुळे गुण वाढतात. पाथर्डीतल्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी तालुक्याच्या गावी येऊन पदवी घेते. तिच्यासाठी मुलींच्या किंवा आर्थिक दुर्बलांच्या रकान्यात गुण आहेत, पण ज्या महाविद्यालयाचा सारा जीव अशा स्थानिक मुलांवर आहे, त्याला प्रादेशिक वैविध्याच्या रकान्यात जवळजवळ काहीच मिळत नाही. माझ्या मते हा निकष ग्रामीण महाविद्यालयांवर अन्याय करतो.

तर पालकांनो, क्रमवारीत भाग घेतलेल्या प्रत्येक संस्थेने आपली भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते. प्रवेशाआधी ती उघडा. पूर्णवेळ शिक्षक किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण किती, पुढे शिकायला गेले किती, नोकरीला लागले किती आणि त्यांचा मध्यक पगार किती, एवढे पाच आकडे सलग तीन वर्षांचे कागदावर उतरवा. माहिती सापडली नाही, तर प्राचार्यांकडे जाऊन मागा.